पेटीतला क्रँक

जीपच्या इंजिनाचा क्रँक गेला हे मेहबूबला शुक्रवारी दुपारी कळलं. दसरा होऊन आठवडा होत आला होता. परतीचा पाऊस हटत नव्हता. दुसरबीडच्या रानात पऱ्हाटीची बोंडं वरून धडधाकट दिसत होती, पण फोडून पाहिलं की आत गुलाबी अळी.

जुम्याची नमाज पढून तो घरी आला, टोपी खिशात घातली, बाह्या वर सारल्या आणि देवानंदला म्हणाला, "धर बे तिकून."

देवानंद मेहबूबच्या काळ्या-पिवळ्या जीपचा जुना क्लिनर. अठरा वर्षं दोघांनी एका गाडीवर काढली होती, एकानं स्टिअरिंगवर बसून आणि एकानं मागच्या फळीवर लटकून. दोघांनी मिळून आतल्या खोलीतली लोखंडी पेटी ओसरीत ओढून आणली. फरशीवर तिचा तांबडा चौकोन राहिला. तो मेहबूबनं पाहिला, पण तेव्हा त्याला काही वाटलं नाही.

पेटी त्याच्या बायकोची, ताहेराची. लग्नात कपडे-भांडी भरून आलेली. पाच वर्षांमागे इंजिनाच्या ब्लॉकला, त्याच्या ओतीव धडाला, चीर गेली आणि जीप बंद पडली, तेव्हा ताहेरानं आपले कपडे गाठोड्यात बांधले आणि पेटी इंजिनाला दिली. ब्लॉक मिळेल तेव्हा मिळेल, बाकीचं सामान तर जपून ठेवू, असं ती म्हणाली होती. त्या जुन्या गाडीचं सामान बाजारात येणं बंद झालं होतं. आणि मेहबूबचा क्रँक, इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, कारखान्यातून आला त्याच मापाचा होता. त्याला एकदाही घासायला खरादावर, म्हणजे लेथवर, चढवावं लागलं नव्हतं. असा क्रँक आता शोधून मिळत नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

ब्लॉक मिळायला पाच वर्षं लागली. देवानंदनं तो मलकापूरला एका भंगाराच्या दुकानात हुडकला आणि ट्रकवाल्याच्या हातापाया पडून गावापर्यंत आणला. ताहेरा मात्र तोवर राहिली नव्हती. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

गाडी आता सुरू व्हायलाच हवी होती. अळीनं घरचा कापूस खाल्ला होता. वीस-पंचवीस मैलांवर ओलिताच्या रानात मात्र कापूस फुटला होता आणि वेचायला बाया पाहिजे होत्या. गावातल्या पंधरा बायांची टोळी सोजराबाईच्या हाताखाली होती. रोज सकाळी न्यायची, सांजेला आणायची, असं सगळ्या वेचणीभर चालणार होतं. सोजराबाई दारात येऊन सांगून गेली होती, "मेहबूबभाऊ, पुढच्याच्या पुढच्या सोमवारी निघाचं हाय. तुमची गाडी सुरू झाली तं आमी तुमच्याच गाडीत बसू. न्हाई झाली तं मंग आमाले नाव नका ठेऊ."

दहा दिवस होते. मेहबूबला सहा पुरले असते.

पेटीचं झाकण चिकटलं होतं. देवानंदनं पाना घालून उचकटलं. वास ऑइलचा यायला हवा होता, पण आला ओल्या भिंतीचा. वरची गाठोडी जशीच्या तशी होती. जुन्या पांढऱ्या लुंग्यांचे तुकडे, आत मेणकागद आणि वर ताहेराच्या हातच्या घट्ट दुहेरी गाठी. हेड निघालं, ठीक होतं. कॅम निघाला, कडेला थोडा डाग. रॉड, पिस्टन, सगळं चालण्यासारखं. क्रँक तळाशी होता. त्याचं कापड सोडायला गेले तर ते सुटेना. ओढलं तेव्हा कापडाबरोबर तांबडी खपली आली.

"मेहबूब," देवानंद म्हणाला.

"काय हाय?"

"तूच पाह्य."

मेहबूब उकिडवा बसला. क्रँकच्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या जर्नलवर, बेअरिंगमधे फिरणाऱ्या त्या गुळगुळीत गोल भागावर, अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. चांगल्या जर्नलवरून नख काचेवरून जावं तसं जातं. इथे ते अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच अडकलं.

"खड्डा पडला बे," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा मुलगा फहीम रानातून आला. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला गमछा. त्यानं उघडी पेटी पाहिली आणि पंप खाली ठेवायचाच राहिला.

"पेटी फळीवर होती," मेहबूब म्हणाला. "खाली कोनं उतरवली?"

"मी. मागच्या साली कापूस भरला तवा. जागा नोती."

"आन त्या कापसावर पानी कोनं मारलं?"

फहीम हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "सारं गाव मारते, अब्बा. वजन काय मी एकटाच वाढवून राह्यलो का? पंप तुमीच धरला होता एका बाजूनं."

हे खरं होतं. नोटा बंद झाल्या त्या हिवाळ्यात व्यापाऱ्याकडे रोकड नव्हती आणि कापूस दोन महिने त्याच खोलीत आढ्यापर्यंत भरून होता. न्यायच्या दिवशी पहाटे बाप-लेकानं त्याच्यावर पाणी फवारलं होतं. त्या दिवशी टेम्पो आलाच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारलं. पेटी त्या ओल्या ढिगाखाली, उघड्या फरशीवर.

"तुले दिसलं नाही का, पेटीत काय हाय ते?"

"दिसलं. लोखंड हाय. लोखंडाले काय सर्दी होते का?"

देवानंद मध्ये पडला. "अबे, भांडून काय गंज निघनार हाय का? घासलेट आन."

फहीमची बायको मलिहा चुलीपाशी होती. तिच्या हाताला पीठ लागलं होतं. तिनं क्रँककडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि परत परातीकडे वळली.

शनिवारी अर्ध्या कापलेल्या पिंपात घासलेट ओतून क्रँक बुडवून ठेवला. दुपारी काढला आणि दोन दगडांवर आडवा मांडला. जर्नलला पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळली, तिच्यावर सुतळीचे वेढे दिले, आणि एक टोक मेहबूबनं धरलं, एक देवानंदनं. ताक घुसळावं तसं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. मेहबूबच्या खांद्यात जुनी कळ होती, ती तासाभरात जागी झाली. देवानंदचे गुडघे फरशीवर सोलले. तो मध्येच थांबून म्हणायचा, "बस्स कर आता. लेथवाल्याले काही ठेवशील का नाही?" मेहबूब थांबत नव्हता.

"लेथवाल्याचं काम काय? हातानंच आनतो पाह्य."

"हातानं माप राह्यते का बे?"

"मले नको शिकवू. तू फळीवर लटकत होता तवा मी इंजिन बांधत होतो."

"हाव, आन मी लटकलो नसतो तं तुह्या गाडीत पाशिंजर कोन भरत होतं? तुही अम्मा?"

संध्याकाळपर्यंत तिसरा जर्नल चांदीसारखा दिसायला लागला. मेहबूबनं तो दोन्ही हातांत घेतला, वळवून वळवून पाहिला, तळव्यानं पुसला. दीड दिवसात पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

"ऑइल लाव बे," देवानंद म्हणाला.

"सकाळी आनखी एक हात मारू. मंग लावतो."

रविवारी सकाळी टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या क्रँकवर दव बसलं होतं. मेहबूबनं फडक्यानं दव पुसलं. खाली जर्नलवर चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता. तांबूस, रेघारेघांसकट, कागदावर शिक्का मारावा तसा. त्यानं आपला हात त्याच्यावर ठेवून पाहिला. बरोबर बसला.

मेहबूबच्या तळव्यांना घाम फार येत असे. स्टिअरिंगला तो कापड गुंडाळायचा.

मलिहा अंगण झाडत होती. झाडता झाडता थांबली.

"अम्मी फडका धरूनच उचलायच्या," ती म्हणाली. "म्हनायच्या, लोनच्याले न् लोखंडाले ओला हात लागला का संपलं."

"तुले कोनं इचारलं?"

ती परत झाडायला लागली. धूळ ओली होती. तिच्या खराट्याचा आवाज मात्र मोठा येत होता.

त्यानं डाग पुन्हा घासून काढला. या वेळी त्यानं एकट्यानंच घासला, कारण देवानंदला यायला उशीर होता. एका बाजूनं जोर जास्त लागला. त्याला ते कळलंही.

सोमवारी तो क्रँक घेऊन चिखलीला निघाला. क्रँक खताच्या गोणीत घालायला गेला तेव्हा मलिहानं काही न बोलता त्याच्या हातातली गोणी काढून घेतली आणि ज्वारीची दिली. खताच्या गोणीत खताचा क्षार असतो आणि तो लोखंड खातो, हे त्याला स्टॅंडवर पोचल्यावर आठवलं. तीस किलोचं धूड खांद्यावर घेऊन तो एसटीत चढला.

"काय हाय चाचा, बोकड हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"क्रँक हाय."

"मंग लगेज लागंल. बोकड असतं तं अर्धं तिकीट फाडलं असतं."

बस हसली. मेहबूब हसला नाही. गोणी त्यानं पायांत उभी धरली होती, पण एका वळणावर ती कलली आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतराला काळा पट्टा लागला. म्हातारा सोयरिकीला चालला होता. मधे गाडी बदलायची होती, तोवर त्यानं मेहबूबच्या सात पिढ्या काढल्या. मेहबूब ऐकत राहिला. धोतर खरंच नवं होतं.

चिखलीत वकारची लेथ होती. वकारचा बाप मेहबूबचा दोस्त. बाप गेल्यावर पोरानं दुकान वाढवलं होतं. त्यानं चाचा म्हणून स्टूल दिलं आणि दोन तास बसवून ठेवलं. दोन ट्रॅक्टरची कामं मधे घेतली. मेहबूबला चहा आला, तो त्यानं अर्धा टाकला.

शेवटी वकारनं क्रँक फळीवर घेतला, मायक्रोमीटर लावला. एका बाजूनं माप घेतलं, दुसऱ्या बाजूनं घेतलं, परत पहिल्या बाजूनं. कपाळावर आठी आली.

"चाचा, ह्याले हातानं पॉलिश पेपर मारला का?"

"थोडासा. गंज काढाले."

"थोडासा नाही. अंड्यासारखा केला तुमी हा. ह्या बाजूनं वेगळा, त्या बाजूनं वेगळा." त्यानं मायक्रोमीटर मेहबूबच्या तोंडापुढे धरला. मेहबूबला ते आकडे चष्म्याशिवाय दिसत नव्हते, तरी त्यानं मान हलवली. "जसा होता तसा आनला असता तं थोडा घासून वीसच्या मापात निघत होता. वीसची बेअरिंग मी कुठून तरी पाह्यली असती. आता आनखी घासून तीसले जा लागंल. तीसची ह्या गाडीची कोनी ठेवत नाही."

"मंग?"

"मंग काय. दुसरा क्रँक पाहा. न्हाई तं धातू भरून परत घासाचा. तसं करनारा जालन्याले एक हाय म्हनतात. पंधरा दिवस तं धरूनच चाला."

"मले येत्या सोमवारी गाडी पाह्यजे."

"चाचा," वकार म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज बापासारखा आला, "हा स्टँडर्ड होता ना, कंपनीच्या मापाचा? अब्बा सांगत होते. मेहबूबकडे एक क्रँक हाय म्हने, दुल्हनीवानी ठेवला हाय."

मेहबूबनं गोणी उचलली. वकारचा कारागीर मदतीला उठला, त्याला त्यानं हातानंच नको म्हटलं. पायरी उतरताना तोल गेला, पण पडला नाही.

मंगळवार, बुधवार तो घरातच होता. जवळच्या तीन गावांत जुन्या जीपा उभ्या होत्या. देवानंद सायकलवर जाऊन पाहून आला. एकीचं इंजिन आधीच कोणी तरी नेलं होतं, एकीत कोंबड्या होत्या, आणि तिसरीचा मालक म्हणाला की क्रँक पाहिजे तर अख्खी जीप घ्या, जीप पाहिजे तर खालची जागाही घ्या. बुधवारी पाऊस पडला. फहीमनं बोंडं तोडून आणली आणि ओसरीत फोडत बसला. दहा फोडली तर आठांत अळी. नखाएवढी गुलाबी अळी बाहेर येई आणि फरशीवर चालू लागे. तो ती अंगठ्यानं चिरडी, परत दुसरं बोंड घेई. बाप एका खांबाला, मुलगा दुसऱ्या खांबाला.

गुरुवारी सोजराबाई आली. तिच्यासोबत टोळीतल्या दोघी होत्या. ती ओसरीच्या कडेला टेकली आणि आधी चुन्याची डबी काढली.

"झाली का गाडी?"

"होऊन राह्यली," मेहबूब म्हणाला.

सोजराबाईनं अंगणात पाहिलं. जीप विटांवर होती, पुढचं तोंड उघडं. ब्लॉक पोत्यावर पडला होता आणि त्याच्यावर मांजर बसलं होतं.

"मांजरानं चालवता का मंग?" ती म्हणाली. सोबतच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मग सोजराबाईचं हसू गेलं. "भाऊ, माह्या मागं पंधरा चुली हायेत. उत्तमरावची जीप उभी हाय. त्याले मी शब्द दिला नाही अजून. खरं सांगा."

मेहबूब ब्लॉकवरच्या मांजराकडे पाहत राहिला. फहीम बोलला.

"मावशी, जा तुमी उत्तमरावच्या जीपमधे. चालवाले मीच राहीन. त्याले डायव्हर पाह्यजे होता, मी काल बोलून आलो."

सोजराबाईनं बाप-लेकाकडे आळीपाळीनं पाहिलं, डबी बंद केली आणि उठली. जाताना म्हणाली, "ताहेरा राह्यली असती तं..." आणि डबी कमरेला खोचली.

ती फाटकाबाहेर गेली नाही तोच मेहबूब उसळला.

"दुसऱ्याच्या गाडीवर जाशील? दारात आपली जीप हाय आन उत्तमरावची धुशील?"

"धुईन. ती चालते."

"अबे, कोनं मारली ही जीप? कोनं पेटी खाली ठेवली?" तो उभा राहिला होता. "दीड वर्ष! ह्या घरात दीड वर्षात एकाले बी अक्कल नोती? एकानं बी पेटी उघडून पाह्यली नाही? ती मेली तं सारं घर आंधळं झालं का?"

फहीमनं तोंड फिरवलं. देवानंद जीपच्या आड उभा होता, तो तसाच राहिला.

मलिहा दारात आली. तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली. आवाज मोठा नव्हता.

"मी गेली होती उघडाले."

"कवा?"

"अम्मींच्या चाळिसाव्यानंतर. मिरगाच्या आधी. अम्मी वर्षातून दोनदा उघडायच्या, मिरगाच्या आधी न् दिवाळीले. मले सगळं सांगून ठेवलं होतं त्यांनी, खाट धरली तवाच. मी हात धुऊन, कोरडे करून बसली. नवं ऑइल घेतलं, मेणकागद घेतला. पहिली गाठ सोडत होती तं तुमी आले." ती जरा थांबली. "'हात लावू नको त्या पेटीले,' म्हनले. लई जोरात म्हनले. मंग मी नाही लावला."

बाहेर मांजर ब्लॉकवरून उतरलं.

मेहबूबला ती दुपार आठवली. विसरला होता असं नाही, पण कधी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं. तो बाहेरून आला होता आणि खोलीत पेटीपुढे एक बाई बसली होती, एक गुडघा वर, एक खाली, ताहेरा बसायची तशीच. क्षणभर त्याला वाटलं होतं, ती आहे. मग मलिहा दिसली. आणि ती गाठ सोडत होती. ताहेराच्या हातची त्या घरात तेवढीच गोष्ट राहिली होती जी कुणी सोडली, धुतली, वाटून टाकली नव्हती. कपडे गेले होते, खाट गेली होती. गाठी होत्या. गाठी घट्ट दिसत होत्या तोवर त्याला वाटत होतं, आत सगळं ठीक आहे.

तो खाली बसला आणि पायातल्या चपलेचा अंगठा दाबून पाहायला लागला. तो तुटलेला नव्हता.

"अब्बा, पानी देऊ का?" मलिहानं विचारलं.

"नाही."

सोमवारी सकाळी उत्तमरावची जीप कोपऱ्यावर आली. फहीमनं खाकी शर्ट घातला होता, मेहबूबचाच जुना. बाया डबे घेऊन चढल्या, सोजराबाई पुढे बसली. गाडी हलली तेव्हा मेहबूब ओसरीत होता. क्लच जरा लवकर सोडला पोरानं, हे त्याला आवाजावरून कळलं.

मग तो आत गेला आणि राहिलेलं सामान चटईवर मांडलं. हेड, कॅम, चार रॉड, पिस्टन, व्हॉल्व. मलिहा आली आणि समोर बसली. त्याला तिच्याकडे पाहवत नव्हतं, म्हणून तो सामानाकडे पाहत विचारत गेला.

"पहिलं काय करू?"

"हात धुवा. साबनानं. मंग उन्हात वाळवा."

तो अंगणात उन्हात हात पसरून उभा राहिला. शेजारची बेबीताई कुंपणावरून म्हणाली, "काय भाऊ, दुवा मागून राह्यले का?" त्यानं हात उलटे करून वाळवले.

"जळकं ऑइल चालते का?" त्यानं आत येऊन विचारलं. सगळे मेकॅनिक तेच लावतात, असं त्याचं ताहेराशी एकदा मोठं भांडण झालं होतं.

"नाही. त्यात आंबटपना राह्यते. नवंच. फडक्यानं, पातळ. भोकात बी लावा, काडीनं."

त्यानं लावलं. तिनं मेणकागद गुंडाळला, वर सुती तुकडा, वर गाठ. तिच्या गाठी वेगळ्या होत्या, एकेरी, ओढली की सुटणाऱ्या. दुपारपर्यंत सगळं बांधून झालं. पेटी आतून घासून, रंग लावून वाळवली होती. ती फळीवर ठेवली, फळी दोन दगडांवर, भिंतीपासून चार बोटं लांब.

"चुनकळी किती?" त्यानं विचारलं.

"वाटीभर. उघड्या मडक्यात, कोपऱ्यात. फुटून पीठ झाली का बदलाची. ओल ती पिते."

"मडकं भरून का नाही?"

"फुगते ती. सांडली तं सामान खाईल."

एवढंच. विचारलं तेवढं ती सांगत होती, त्यापुढे एक शब्द नाही. झाकण लावताना दोघांचे हात एकाच कडीवर आले. तिनं काढून घेतला.

क्रँक पेटीत ठेवला नाही. आडवा फार दिवस राहिला की तो वाकतो, म्हणून देवानंदनं त्याला आढ्याला दोर बांधून उभा टांगला. त्याला ऑइल आहे, ग्रीस आहे, कापड आहे. दिवाळी झाली. जालन्याचा तो माणूस कोण, त्याचं दुकान कुठे, हे अजून कुणी विचारून आलेलं नाही. ब्लॉक पोत्यावरच आहे. आपली चूक होती, हे मेहबूबला मलिहाला सांगायचं आहे. रोज ती चहा ठेवून जाते तेव्हा तो सांगायचं ठरवतो. अजून सांगितलेलं नाही.